डोंगरवाटेवरील पाण्याचा निचरा

शेतांत पडलेल्या ओघळीचें मूळ शोधूं गेल्यास तें पुष्कळदां एखाद्या वाटेपाशीं सांपडतें. वाट म्हणजे पायांनीं वा चाकांनीं दाबून घट्ट झालेली जमीन. तींत पाणी मुरत नाहीं. तें वाटेनेंच चालूं लागतें व माती घेऊन जातें. या दुखण्यावरील उपाय डोंगरांत सायकली फिरविणाऱ्या हौशी लोकांनीं पद्धतशीर बसविला आहे. तो शेतकऱ्यासहि उपयोगी असल्यामुळें येथें देत आहों.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, टॅमलपाइस डोंगराच्या आसपास हा खेळ रुजला. तेथील एका उभ्या उतारावर १९७६ सालीं शर्यती सुरू झाल्या. पुढें सायकली वाढल्या, वाटा झिजूं लागल्या, पादचाऱ्यांशीं तंटे झाले व अनेक वाटा सायकलींस बंद करण्यांत आल्या. तेव्हां १९८८ सालीं तेथील सायकल मंडळ्यांनीं एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय डोंगरी सायकल संघ स्थापिला. नुसत्या अर्जांवर न थांबतां सभासदांनीं कुदळ-फावडीं हातीं घेतलीं व वाटा स्वतः दुरुस्त केल्या. या कामाचे नियम संघानें २००४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले.

पहिला नियम अर्ध्या उताराचा. डोंगराचा उतार १०० फुटांस १६ फूट असेल, तर वाटेचा उतार ८ फुटांहून अधिक नसावा. वाट याहून उभी झाली कीं पाणी ती ओलांडीत नाहीं, तिचाच रस्ता धरितें. म्हणूनच ४ फूट उताराच्या माळावर वाटेस २ फुटांहून अधिक उतार चालत नाहीं. शिवाय सबंध वाटेची सरासरी १०० फुटांस १० फुटांच्या आंत ठेवावी. दुसरा नियम असा कीं, वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूस १०० स सुमारें ५ इतका कलता असावा, म्हणजे पाणी पातळ पसरून पलीकडे जातें. तिसरा नियम उलट चढाचा. उतरत्या वाटेस मधून मधून थोडें चढवावें. पाण्यास चढतां येत नसल्यामुळें तें त्या खोलगट जागीं वाट सोडतें.

परंतु कलती वाट तशीच टिकत नाहीं. चाकें मधला भाग दाबतात व माती कडेस लोटतात; दरीच्या कांठास लहानसा बांध तयार होतो आणि पाणी आंत कोंडतें. हा बांध फोडणें हेंच स्वयंसेवकांचें नित्याचें काम होय. त्यासाठीं मॅक्लिओड नांवाचें हत्यार वापरतात. त्याच्या एका बाजूस दंताळें व दुसऱ्या बाजूस रुंद पातें असतें.

पूर्वीं वाटेवर आडवीं लांकडें पुरून पाणी वळवीत. त्यांच्या वरच्या अंगास गाळ भरे, पाणी लांकडावरून उडी घेई, आणि सायकलस्वार बाजूनें जात असल्यामुळें वाट रुंदावे. म्हणून आतां लांकडापेक्षां रुंद, उथळ खोलगट पसंत करितात. त्याचें तोंड ऐसपैस ठेवावें, कारण अरुंद तोंड एका सरींतच गाळानें बुजतें. तें ओढ्यावर न सोडतां गवतावर सोडावें. वाटेची माती ओढ्यांत गेली, तर मासे जेथें अंडीं घालतात ती वाळू-खडी गाळानें झांकून जाते.

आपल्या पाणंदींची स्थिति निराळी नाहीं. दोहों बाजूंच्या बांधांमधील अनेक पाणंदी दरसाल खोल जातात. त्यांवर केवळ मुरूम टाकणें म्हणजे पुढील पावसास माती पुरविणें होय. भर पावसांत पाणंदीवरून एकदां चालत जावें आणि पाणी कोठें शिरतें, कोठें तुंबतें, तेथें खुंट्या ठोकाव्या. पाऊस उघडल्यावर त्या जागीं कडेचा बांध फोडून पाणी बाहेर काढावें. मात्र ज्याच्या शेताकडे तें जाईल, त्या शेजाऱ्यास आधीं विचारावें. उंचावर, थोडें थोडें असतांनाच सोडलेलें पाणी निरुपद्रवी असतें. खालीं एकत्र झालेलें पाणी कोणासच आवरत नाहीं.