पिस्तूल नवं, छर्रा कोणता?

आपण गटात नेहमी कर्जाबद्दल बोलतो. शिवणयंत्राचं कर्ज, गिरणीचं कर्ज, म्हशीचं कर्ज. आज बोलू या जरा वेगळ्या खरेदीबद्दल.

आपल्या नाशिकमधल्या मुली नेमबाजीला जातात, हे आता नवल राहिलं नाही. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाजी शिकला आपल्या नाशकात, क्रीडा प्रबोधिनीत. त्याआधी 2018 मध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं होतं. अशी नावं ऐकली की मुली हट्ट धरतात, आणि धरावाच.

आमच्या एका गटातल्या ताईंनी लेकीसाठी एअर पिस्तूल घेतलं. काही साठवलेले पैसे, काही गटाचं कर्ज. पिस्तूल घरी आलं आणि पुढचा प्रश्न उभा राहिला, छर्रे कोणते घ्यायचे? रेंजवर त्यांना पेलेट म्हणतात. कुणी म्हणालं, सगळ्यात महाग तेच चांगले. कुणी म्हणालं, अमुक मुलीला मेडल मिळालं, ती वापरते ते घ्या. रेंजवरच्या मॅडम म्हणाल्या, "कुणाचं ऐकू नका. पिस्तुलालाच विचारा."

आता पिस्तुलाला विचारायचं म्हणजे काय? आपल्या शिवणयंत्राचंच बघा. एकाच कंपनीची दोन यंत्रं असली तरी एकाला जो दोरा चालतो, तो दुसऱ्यात तुटतो. म्हणून आपण आधी चिंधीवर टीप मारून बघतो, मग ब्लाउजला हात घालतो. पिस्तुलाचंही तसंच आहे. त्याच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. छर्रा त्या आट्यांत घट्ट बसून गरागरा फिरत बाहेर पडतो, म्हणून सरळ जातो. छर्रा असतो 4.5 मिलिमीटरचा, पण डब्यावर बघा, कुठे 4.49 लिहिलेलं असतं, कुठे 4.50. वजनातही थोडा फरक, शिशाच्या मऊपणातही फरक. नळी नळीतही केसाएवढा फरक असतोच. कोणाची जोडी कोणाशी जमेल, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

मग चाचणी अशी करतात.

पहिली गोष्ट, पूर्ण डबे विकत घेऊ नका. क्लबात वेगवेगळे डबे उघडलेले असतात. चार प्रकारचे थोडे थोडे छर्रे मागून घ्या. एकेका प्रकाराला 25 पुरतात.

दुसरी, हात टेकवा. हाताचा कंप छर्र्यांतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून, 10 मीटरवरून, एकाच जागेवर नेम धरायचा. पिस्तुलाच्या सिलिंडरमधला हवेचा दाबही सगळ्या चाचणीत सारखा ठेवायचा.

तिसरी, प्रकार बदलला की पहिले पाच छर्रे मोजायचे नाहीत. नळीत आधीच्या छर्र्याचं शिसं आणि तेलकटपणा राहिलेला असतो. ते पाच झाले, की पाच-पाचचे चार गट मारायचे, प्रत्येक गट नव्या कागदावर. एकाच गटावर विश्वास ठेवू नका, नशिबानेही एखादा चांगला पडतो.

चौथी, मधेच नेम दुरुस्त करायचा नाही. छिद्रं वर पडली की खाली, याला आज महत्त्व नाही. ती किती जवळजवळ पडली, एवढंच बघायचं. जागा नंतर साइटचा स्क्रू फिरवून आणता येते, पांगलेले छर्रे मात्र कुठलाच स्क्रू एकत्र आणत नाही.

पाचवी, मोजायचं. सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यातून 4.5 वजा करायचे. जो आकडा येईल तो वहीत. छर्रे कोणत्या डब्यातले, हे मुलीला आधी कळू देऊ नका. महागाचं नाव ऐकलं की हातही जास्त सांभाळून चालतो.

ताईंच्या लेकीच्या पिस्तुलाला मधल्या किमतीचा छर्रा सगळ्यात चांगला बसला. महागडा दुसरा आला. हे कळल्यावर आमच्या गटात लगेच चर्चा, मग सगळ्या मुलींसाठी तेच डबे एकत्र मागवू, स्वस्त पडतील! तेल-डाळ आपण अशीच घेतो ना. पण दुसऱ्या मुलीच्या पिस्तुलात तेच छर्रे पांगले. तेव्हा लक्षात ठेवा, एकत्र खरेदी जरूर करा, पण प्रत्येकीच्या पिस्तुलाची चाचणी झाल्यावर. आणि डब्यावरचा लॉट नंबर लिहून घ्या. नाव तेच असलं तरी लॉट बदलला की पुन्हा थोडी चाचणी करावी लागते.

पैशाचा हिशेब सांगतो. स्पर्धेत 60 छर्रे मारायचे असतात. रोजच्या सरावालाही तेवढेच धरले, तर 500 चा डबा आठ दिवसांत संपतो. म्हणजे महिन्याला जवळजवळ चार डबे. न जमणारा छर्रा वर्षभर वापरला, तर पैसे जातातच, आणि पोरीला वाटतं आपलाच हात वाईट आहे. हे नुकसान जास्त मोठं.

पुढे मुलगी 25 मीटरकडे वळली, तर पॉइंट टू टूचं पिस्तूल येतं. त्यात खरं काडतूस असतं आणि त्याला शस्त्र परवाना लागतो. तिथे गटाबरोबर आणखी एक गोष्ट बघतात, पिस्तूल अडकतं का. काडतूस कमी जोराचं असलं तर रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही आणि पुढची गोळी चढत नाही. त्या स्पर्धेच्या दुसऱ्या भागात टार्गेट फक्त तीन सेकंद समोर येतं, तिथे अडकलेलं पिस्तूल काय कामाचं? गोळी उडालीच नाही, तर नळी समोरच ठेवून, बोट ट्रिगरवरून काढून, हात वर करायचा आणि मॅडम येईपर्यंत तसंच थांबायचं. ही चाचणी परवान्याच्या रेंजवर, प्रशिक्षकांसमोरच. शेतात किंवा गच्चीवर कधीही नाही.

आणखी दोन गोष्टी आयांसाठी. छर्रे शिशाचे असतात. रेंजवर डबा उघडा ठेवून वडापाव खायचा नाही. घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय धाकट्या भावंडाला घ्यायचं नाही. आणि एअर पिस्तूल खेळण्यातलं नाही, ते कुलपातच राहिलं पाहिजे.

यापुढे कुणी पिस्तुलासाठी कर्ज मागितलं, तर आम्ही अर्जात दोन रकाने ठेवतो. एक पिस्तुलाचा, दुसरा वर्षभराच्या छर्र्यांचा. दुसरा रकाना चाचणीचा कागद बघूनच भरायचा. तुमच्याही गटात तसं करून बघा.