वरणभाताचा वास

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा लता मंगेशकर तेराही वर्षांच्या झालेल्या नव्हत्या. त्यानंतरची काही वर्षे कोल्हापुरात, मास्टर विनायकांच्या कंपनीच्या आधाराने गेली. चित्रपटांतली छोटी कामे, अधूनमधून एखादे गाणे. याच काळात ‘गजाभाऊ’ या मराठी चित्रपटासाठी त्यांनी आपले पहिले हिंदी गाणे गायिले. पुढे विनायकांनी ‘बड़ी माँ’ (१९४५) काढला. त्यात नूरजहाँ नायिका होत्या, तर लता आणि आशा किरकोळ भूमिकांत. मूळच्या पंजाबी नूरजहाँही उर्दूत गात होत्या, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

सुरात बोलीची लकब झाकली जाते, असा आपला समज असतो. व्यंजनांपुरता तो काहीसा खरा आहे. ती क्षणात उच्चारून होतात. पण गाणे उभे राहते स्वरांवर, आणि तिथे उलटे घडते. हिंदीतला ‘है’ घ्या. त्यातला ‘ऐ’ एकसंध आहे. जीभ एका जागी ठेवायची. मराठी ‘ऐ’ मात्र ‘अ’वरून ‘इ’कडे घसरतो. बोलताना ‘हइ’ निसटून जाते. तेच दोन मात्रा लांबवा, घसरण सगळ्या सभागृहाला ऐकू येते. ‘और’चीही तीच गत.

व्यंजनांतही एक गंमत आहे. ‘माझा’ म्हणताना आपला झ दंत्य असतो. ‘माझी’ म्हणताच तो तालव्य होतो. म्हणजे इकार पुढे आला की मराठी जीभ आपोआप टाळूकडे जाते. म्हणूनच ‘ज़रा’ आपल्याला थोड्या प्रयत्नाने जमतो, पण ‘ज़िंदगी’ची हटकून ‘जिंदगी’ होते. ‘फ’ तर आपल्यापैकी पुष्कळजण दात ओठावर टेकवूनच म्हणतात, त्यामुळे ‘फ़ौज’ बरोबर येते आणि साधा ‘फिर’ चुकतो!

१९४५ मध्ये कंपनीबरोबर लताबाई मुंबईला गेल्या. तिथे लोकलच्या प्रवासात संगीतकार अनिल विश्वासांनी त्यांची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. मुलगी मराठी आहे हे कळताच, मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलले. लताबाईंनीच ही हकिकत पुढे अनेकदा सांगितली. शेरा लागला, पण रुसून न बसता त्यांनी एका मौलवींकडे उर्दूची शिकवणी लावली. मला त्या शेऱ्यात थोडी मिजास दिसते. निदान मात्र अचूक होते.

हा प्रश्न आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९७१ साली जन्मलेली सेलेना घरी इंग्रजी बोलत वाढली. तिचे श्रोते मेक्सिकन वंशाचे, गाणी स्पॅनिश. वडिलांनी तिला शब्द कानाने पाठ करायला लावले. भाषा नंतर आली. १९९२ मध्ये तिचे ‘कोमो ला फ्लोर’ हे गाणे सुटे निघाले आणि ती सर्वदूर पोहोचली. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर, तेही सरळ, न हलणारे. इंग्रजी ‘ओ’ मात्र शेवटी ‘उ’कडे कलतो. ‘फ्लोर’मधला ओ लांबवताना तो कलू न देणे, हीच तिची परीक्षा होती, ‘है’ची होती तशीच. १९९४ साली तिला ग्रॅमी मिळाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच, तिचा खून झाला.

सेलेनाची वाट कानाची. लताबाईंनी कानाला अक्षराची जोड दिली. शिकवणीनंतरही, पुढे कीर्ती झाल्यावरही, ध्वनिमुद्रणाआधी गाण्याचे शब्द स्वतःच्या हाताने देवनागरीत उतरवून घ्यायची त्यांची सवय सुटली नाही.