रुपया डॉलरच्या बरोबरीला कधी होता?

15 ऑगस्ट जवळ आला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो : 1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, देशावर कर्ज नव्हतं, पुढे राज्यकर्त्यांनी रुपयाची माती केली. पहिला दावा तपासायला साधा भागाकार पुरतो. 1927 च्या चलन कायद्याने रुपयाचा दर 1 शिलिंग 6 पेन्स ठरला; म्हणजे पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. स्वातंत्र्याच्या वेळी पौंड होता 4.03 डॉलरचा, म्हणून डॉलरला साधारण 3.31 रुपये पडत. डिसेंबर 1946 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हाच दर नोंदवला गेला : एक रुपया बरोबर 30.225 अमेरिकी सेंट. राहिला कर्जाचा मुद्दा. ब्रिटनकडून भारताला तेव्हा शंभर कोटींहून अधिक पौंड येणं होतं आणि तरीही डॉलर 3.31 रुपयांनाच होता. कर्ज नसलं की दोन देशांची चलनं आपोआप एकास एक होतात, असा नियम कुठेच नाही.

मग त्याआधी कधी बरोबरी होती का? चांदीच्या काळात जाऊन पाहिलं तरी नाही. 1835 पासूनचा कंपनी सरकारचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, अमेरिकेचा चांदीचा डॉलर जवळपास 27 ग्रॅमचा. निव्वळ चांदी मोजली तर एका डॉलरात सव्वादोन रुपये बसत. पुढे चांदी घसरली, 1893 मध्ये टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या, आणि रुपया 1 शिलिंग 4 पेन्सला बांधला गेला. 1917 मध्ये एका रुपयाला 13 डॉलर मिळत, असंही सांगितलं जातं. त्या वर्षी रुपयाला डॉलरचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळत होता.

बरोबरीपेक्षा अधिक घातक समजूत अशी की हा आकडा म्हणजे देशाचं प्रगतिपुस्तक. 1949 मध्ये पौंडाबरोबर रुपयाचंही अवमूल्यन झालं आणि डॉलर 4.76 रुपयांचा झाला. हा दर 1966 पर्यंत हलला नाही. तो टिकला परकीय चलनाच्या रेशनिंगवर आणि आयात परवान्यांवर. देशात भाव चढत होते आणि आकडा तेवढा जागच्या जागी होता. निर्यातदारांना सवलती दिल्या आणि आयातीवर जकात वाढवत नेली, म्हणजे आडवाटेने अवमूल्यन आधीच सुरू झालं होतं. 6 जून 1966 रोजी दर 7.50 झाला, तेव्हा परदेशी मदत देणाऱ्यांचा दबाव होता हे खरंच. पण दबावामुळे निर्णयाची तारीख ठरली, त्याचं कारण जुनं होतं. याच काळात, 1949 ते 1971, जपानने डॉलरला 360 येन हा दर धरून ठेवला. येनच्या या ‘दुबळ्या’ आकड्याला जपानी कारखानदार हसत असतील तर समाधानाने.

यावर आक्षेप येतो : येन पुढे वधारला, रुपया मात्र घसरतच गेला, 1991 च्या जुलैत दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झालं, 2022 मध्ये डॉलरने ऐंशी ओलांडली. आक्षेप रास्त आहे. पण यातला मोठा भाग महागाईच्या फरकाचा आहे. आपल्याकडे भाव दशकानुदशकं अमेरिकेपेक्षा वेगाने वाढले, आणि ते अंतर दरात उतरणारच होतं. उरलेल्या घसरणीची झळ खरी आहे : खनिज तेल बहुतांशी आयात होतं, परदेशी शिक्षणाची फी डॉलरमध्ये भरावी लागते. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला मात्र त्याच घसरणीत चार पैसे जास्त मिळतात. त्यामुळे ‘रुपया मजबूत हवा’ म्हणणाऱ्याला, कोणासाठी, हे विचारावं लागतं. हा वाद आजचा नाही. 1 शिलिंग 6 पेन्सचा महाग रुपया ब्रिटिश सरकारला हवा होता. मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलनविषयक आयोगाच्या अहवालात त्याविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली, कारण महाग रुपयामुळे आयात माल स्वस्त होऊन देशी गिरण्यांना आणि शेतमालाला फटका बसत होता. 1930 च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर रद्द करा ही त्यातली एक. रुपयाचा दर 1 शिलिंग 4 पेन्सपर्यंत खाली आणा, ही दुसरी एक.