मिठाचा टँक आणि कानाचे दुखणे

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ओळखीचे एक बागायतदार आपल्या दोन नातवांना घेऊन दवाखान्यात आले. दोघांचेही कान ठणकत होते. कानाच्या पाळीला नुसता हात लावला तरी धाकटा ओरडत होता. घरी लसूण घालून कोमट केलेले तेल दोनदा कानात ओतून झाले होते. तपासले तर कानाची नळी लालबुंद सुजलेली, पडदा मात्र दोघांचाही शाबूत. "पोहायला जातात का?" असे विचारताच आजोबांची कळी खुलली.

"बाहेर कशाला जातील? शेतावर घरचाच टँक बांधलाय. पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हाच बांधला. आणि डॉक्टर, आपला टँक मिठाचा आहे. क्लोरीन-बिलोरीन काही नाही. जरासुद्धा वास येत नाही बघा."

त्यांचे ते शेवटचे बोलणे ऐकले आणि दुखण्याचे मूळ कुठे असावे याचा अंदाज आला.

हल्ली आपल्याकडे फार्महाऊसवर, कृषी पर्यटन केंद्रांवर, क्वचित बंगल्यांच्या आवारातही पोहण्याचे टँक दिसू लागले आहेत. त्याबरोबर मिठापासून क्लोरीन तयार करणारी यंत्रेही आली. यंत्र चांगले आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात घरगुती टँकना ते सर्रास बसवतात. घोटाळा होतो तो नावाचा. "मिठाचा टँक" म्हटले की लोकांना वाटते, मीठच जंतू मारते. तसे मुळीच नाही. टँकमध्ये मीठ असते लिटरला साधारण साडेतीन ग्रॅम. समुद्रात ते सुमारे ३५ ग्रॅम असते. आपल्या डोळ्यांतील अश्रूसुद्धा टँकच्या पाण्यापेक्षा खारट असतात. एवढ्या मिठाने जंतूंचे काहीही बिघडत नाही. पंपातून जाणारे हे खारे पाणी यंत्राच्या सेलमध्ये शिरते, तिथे टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून वीज वाहते आणि मिठातील क्लोराईडचा क्लोरीन होतो. तोच पाण्यात मिसळून जंतू मारतो. आपले काम झाले की त्याचे पुन्हा मीठ होते, म्हणून मीठ वारंवार घालावे लागत नाही. म्हणजे मिठाचा टँक हा क्लोरीनचाच टँक. फरक इतकाच की क्लोरीन डब्यातून न येता जागेवर तयार होतो.

दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रामपंचायतीकडची ओटीची बाटली मागवून टँकचे पाणी तपासायला सांगितले. नळाच्या पाण्याला पिवळा रंग येतो ना, तीच ती तपासणी. रंग आलाच नाही. यंत्र चालू होते, दिवा लागत होता, पण पाण्यात क्लोरीन नव्हता. अशा कोमट पाण्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू माजतात आणि पोहणाऱ्यांचे कान धरतात. मुलांचे कान थेंबांनी आठवड्यात बरे झाले. मला खरी काळजी आजोबांची होती. त्यांना मधुमेह आहे आणि गुडघ्यांसाठी म्हणून ते रोज सकाळी त्याच टँकमध्ये उतरत होते. मधुमेही माणसाच्या कानात हाच जंतू कधी कधी कवटीच्या हाडापर्यंत पोहोचतो आणि जिवावर बेतते. त्यांचा कान सुदैवाने ठीक निघाला.

मग त्यांनी विचारले, "यंत्र बदलायचे तर कोणते घेऊ?" त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न आता आणखी काही जणांनी विचारला आहे.

आधी टँक मोजा. त्यांचा टँक ३० फूट लांब, १२ फूट रुंद, सरासरी ४ फूट खोल. म्हणजे १४४० घनफूट, सुमारे ४० हजार लिटर पाणी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, माणसे पोहत असताना, दर लिटरमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो असे धरून चालावे. म्हणजे रोज १२० ग्रॅम. पंप आठ तास चालणार असेल, तर ताशी १५ ग्रॅम क्लोरीन देणारे यंत्र हवे. सुट्टीत पाहुण्यांची गर्दी होणार, म्हणून ताशी २० ते २५ ग्रॅमचे घ्यावे. त्यांना मिळाले होते ताशी १० ग्रॅमचे आणि वीज वाचवण्यासाठी पंप चालत होता जेमतेम चार तास! ४० ग्रॅममध्ये १२० ग्रॅमचे काम कसे व्हावे? विक्रेत्याने "४० हजार लिटरपर्यंत चालते" असे सांगितले होते म्हणे. लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, ताशी किती ग्रॅम ते विचारा आणि मोठ्या यंत्राकडे झुका. मोठे यंत्र कमी जोरावर चालवता येते, सेलही जास्त टिकतो. सेल साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावा लागतो आणि खरा खर्च तोच आहे. त्याची किंमत व तो कुठे मिळेल, हे यंत्र घेतानाच लिहून घ्यावे.

उघड्या टँकमध्ये ऊनही क्लोरीन खाऊन टाकते, दोन तासांत बहुतेक उडून जातो. त्यासाठी सायन्युरिक आम्ल, ज्याला दुकानदार स्टॅबिलायझर म्हणतात, ते लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम ठेवतात. वरच्या टँकला दीड किलो पुरे. त्याहून जास्त झाले तर क्लोरीनची धार बोथट होते. हे आम्ल घातलेल्या टँकमध्ये मोकळा क्लोरीन लिटरला किमान २ मिलिग्रॅम हवा.

आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. सेलच्या पट्ट्यांवर चुन्याचा पांढरा थर बसतो आणि क्लोरीन बंद पडतो. म्हणून विजेची दिशा आपोआप उलटी करून थर पाडणारे यंत्र पाहावे. वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर पाणी मुळातच खारे असते, तिथे आहे ते क्षार मोजल्याशिवाय मिठाचे पोते ओतू नये. मीठही पाहून घ्यावे. किराणा दुकानातील आयोडीनयुक्त मीठ नको आणि कचरा-माती असलेले खडे मीठही नको. आयोडीन नसलेले शुद्ध मीठ, वरच्या टँकला साधारण १४० किलो लागते.

फ्लो स्विच नसलेले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनही तयार होतो. पाणी वाहत नसताना सेल चालू राहिला तर तो वायू साठून स्फोट होऊ शकतो. अर्थिंग आणि ईएलसीबी याबद्दल वेगळे सांगायला नको, पाणी आणि वीज शेजारी आहेत.

यंत्राइतकीच गरज तपासणीच्या डबीची आहे. ओटीऐवजी डीपीडीची डबी घ्या, तिच्यात गुलाबी रंग येतो व मोकळा क्लोरीन वेगळा कळतो. सोबत पीएच पाहावा. या यंत्राने पाण्याचा पीएच हळूहळू चढतो. तो ८ झाला की क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा कामाचा उरतो. तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवण्यासाठी ॲसिड घालावे लागते आणि इथे माझी हात जोडून विनंती आहे. ज्या बादलीत टीसीएल पावडर किंवा लिक्विड क्लोरीन कालवले, तिच्यात ॲसिड ओतू नका. एका बंगल्यावरचा माळी असे करून बसला होता. पिवळट वायू छातीत गेला, खोकून खोकून त्याचे ओठ निळे पडले. तीन दिवस ऑक्सिजन लागला. ॲसिड नेहमी वेगळ्या बादलीत, पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नव्हे.

वासाबद्दलही गैरसमज आहे. टँकला येणारा उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर बहुधा क्लोरीन जास्त झाल्याने नसते. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाईन बनते, त्याचा तो प्रताप. आंघोळ करून उतरावे, लहान मुलांना दर तासाने बाहेर काढून लघवीला न्यावे. ज्याला जुलाब होत आहेत त्याने तर उतरूच नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर जिवंत राहतो.

रक्तदाबाचे रुग्ण विचारतात, मिठाचे पाणी चालेल का? मीठ कातडीतून आत जात नाही. एक घोट गिळला तर पोटात गेले जेमतेम दशांश ग्रॅम मीठ. खुशाल पोहावे.

वीज गेली की क्लोरीन तयार होणे थांबते. घरात थोडे लिक्विड क्लोरीन ठेवावे, नाही तर टीसीएल कालवून वरची निवळी टाकावी. टँक रिकामा करताना मात्र पाणी बागेत किंवा विहिरीजवळ सोडू नका, जमीन खारावते.

आता पाऊस तोंडावर आहे. पावसाने मीठ पातळ होते, पोहणारे येत नाहीत, मग यंत्र बंद करून टँक तसाच सोडला जातो. अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. टँक वापरायचा नसेल तर एक तर पंप आणि सेल रोज थोडा वेळ चालू ठेवा, नाही तर तो नीट झाकून घ्या आणि झाकणावर पाणी साचू देऊ नका.