वासावरून सापडणारं फूल

मैत्रिणींनो, हिरवा चाफा तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलाय? नाव सगळ्यांना ठाऊक, पण फूल हातात घेतलेल्या थोड्याच. कारणही तसंच आहे. हे फूल उमलतं तेव्हा पानासारखंच हिरवं असतं, पानाआड दडून बसतं आणि वासही देत नाही. पुढे पिवळसर व्हायला लागलं, की पिकल्या फळासारखा गोड घमघमाट सुटतो. मग आपण वासाच्या मागे जायचं आणि फांदी न् फांदी चाळायची! नावाने चाफा असला तरी हा सोनचाफ्याचा नातेवाईक नव्हे, कूळ सीताफळाचं.

आमच्या केनवडला, रिसोड तालुक्यातल्या या उन्हाळी मुलखात, असली झाडं एका घरच्या परसात आहेत. घर आमच्या गल्लीतल्या काकूंचं. हिरवा चाफा, कवठी चाफा, अनंत, बकुळ, सोनटक्का, मदनबाण... एवढं सगळं यांनी जमवलं कुठून? पंचविशीत वैधव्य आलं. लग्नघरी मांडवात पुढे बसायची सोय नाही, म्हणून काकू मागच्या परसात जाऊन बसत. तिथे एखादं झाड दिसलं की घरच्या बाईला फांदी मागत आणि ओल्या फडक्यात गुंडाळून एस.टी.ने घरी आणत. प्रत्येक झाड कुणाच्या ना कुणाच्या लग्नातलं!

आता मुख्य अडचण, आपली काळी माती. कापसाला, तुरीला उत्तम, पण कुंडीत ती पावसात चिखल होऊन बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काकू एक भाग माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग कुजलेलं शेणखत घेतात. अनंताचं दुखणं वेगळं. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की आपण म्हणतो पाणी कमी पडलं, आणि आणखी ओततो. खरं तर आपल्या मातीत नि बोअरच्या पाण्यात चुना जास्त, त्यामुळे मुळांना लोह उचलता येत नाही. सोनचाफ्यालाही हा त्रास होतो. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी साठवून या दोघांना द्यावं, पानांचं खत घालावं.

चैत्र ते मृग एवढे दिवस मात्र जिवावरचे. त्यावर तुराट्यांचा मांडव, बुडाशी गव्हांड्याचं आच्छादन आणि गळका माठ! माठाच्या बुडाला छिद्र पाडून चिंधीची वात घालायची, मुळाशी अर्धा पुरायचा आणि भांडी विसळलेलं, साबण नसलेलं पाणी त्यात ओतायचं. टँकरच्या दिवसांतही काकूंची झाडं जगली ती अशी.

रोपं करायची ती आषाढात, गुटी बांधून. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोलाकार काढायची, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत पांढरी मुळं दिसली की खालून कापून पिशवीत लावायचं. बी लावाल तर सोनचाफा आठ-दहा वर्षं वाट पाहायला लावतो, कलम दोन-तीन वर्षांत फुलतं. (आणि रातराणी लावलीत तर शेळी-वासरापासून जपा, ती विषारी आहे. वासाने साप येतात ही मात्र नुसती समजूत. साप येतो तो उंदीर-बेडकांमागे.)

एवढी फुलं, पण काकूंच्या केसात कधी एक पाकळी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मले कायले व फुलं? लावाले तर कोनी मना करत नाही ना!" पहाटे परडी भरून देवळात आणि आमच्या घराघरांत पोचवायच्या. हळदीकुंकवाच्या दिवशी फुलं यांची, पण बोलावणं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. बचत गटाच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे न देता काकूंची रोपं द्यायचं ठरलं, तेव्हाही सगळ्या खूश. पण वाण काकूच देतील म्हटल्यावर बायका गप्प झाल्या. कुणी म्हणालं, सासूबाईंना चालणार नाही. कुणी म्हणालं, रोपं त्यांची घेऊ, हात आपला लावू. मी अडून बसले. रोपं ज्यांची, वाणही त्यांच्याच हातचं.

संक्रांतीला काकू आल्या, पण दारातच थांबल्या. आमच्या गटातल्या एका नव्या सुनेने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि आधी त्यांनाच हळदीकुंकू लावलं. दोघी-तिघी उठून गेल्या. जाताना ओसरीवरची रोपं मात्र पिशवीत घालून घेऊन गेल्या हो! त्यातल्या एकीचा अनंत पिवळा पडलाय. परवा तिने मुलाच्या हाती निरोप पाठवला, काकूंना विचारून सांग म्हणून. काकू निरोपाला उत्तर न देता माठ घेऊन स्वतःच तिच्या घरी गेल्या.