पळून गेलेला सैनिक परत आला तर? नेताजी पालकरांचं काय झालं?

ॲनिमे बघणाऱ्यांना अमुरो रे आठवत असेल. १९७९ च्या 'मोबाइल सूट गंडम'मध्ये आपल्याला बाजूला सारणार हे कानावर पडताच हा पोरगा अख्खा रोबो घेऊन पळतो. परततो तेव्हा थेट कोठडीत.

आपल्याकडे असं खरोखर घडलंय. पानशेतच्या डोंगरांपलीकडचा राजगड तेव्हा स्वराज्याची राजधानी होता. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला, कारण सरनोबत नेताजी पालकर वेळेवर पोचलेच नाहीत. महाराजांनी त्यांना पदावरून काढलं. मग 'प्रतिशिवाजी' म्हणवला जाणारा हा माणूस आधी आदिलशाहीत गेला, तिथून मिर्झाराजांमार्फत मोगलांकडे. फितुरी म्हणा, आम्हाला त्यात राग जास्त दिसतो.

पाच हजारी मनसब मिळाली, पण टिकली नाही. त्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाने नेताजींना कैद करवलं. धर्म बदलायला लावून मुहम्मद कुलीखान केलं, काबूलकडे धाडलं.

दहा वर्षांनी मोगल फौजेसोबत ते दख्खनेत आले आणि संधी साधून महाराजांकडे परतले. जून १६७६ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतल्याची नोंद जेधे शकावलीत आहे. महाराजांनी पदरात घेतलं. सरनोबती मात्र तोवर हंबीरराव मोहित्यांकडे गेली होती, आणि ती त्यांच्याकडेच राहिली.