रनिंग कमी आहे, पण गाडी उभी किती होती?

लीड्सहून एका श्रोत्यादादांचा मेल आलाय. त्यांनी दोन पोर्शे केमन एस बघून ठेवल्यात. दोन्ही २००८ च्या, दोन्ही मॅन्युअल. एकीचं रनिंग १८,००० मैल, दुसरीचं ७१,०००. कमी रनिंगवाली साडेचार हजार पौंडांनी महाग आहे. एवढे जास्तीचे द्यावेत का, असा प्रश्न आहे. पाच वर्षं साठवलेले पैसे आहेत, त्यामुळे जरा नीट बोलू.

१८,००० हा आकडा एकटा घेऊन काही कळत नाही. आम्ही कोडवाले शेवटची व्हॅल्यू बघून थांबत नाही, लॉग मागतो. आणि इंग्लंडमध्ये गाडीचा लॉग चक्क फुकट मिळतो. तिथे तीन वर्षं झाली की गाडीला दरवर्षी एमओटी चाचणी लागते, आणि दर वेळी मीटरचं रीडिंग नोंदवतात. सरकारी साइटवर नंबर टाकला की सगळा इतिहास समोर. एखादं रीडिंग आधीच्यापेक्षा कमी दिसलं तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या. (कधीकधी चाचणी करणाऱ्याने आकडा चुकीचा टाईप केलेला असतो, म्हणून पुढची वर्षंही बघा.)

पण मला त्यातलं बघायला आवडतं ते दोन रीडिंगमधलं अंतर. दरवर्षी हजार-बाराशे मैल, म्हणजे मालक रविवारी गाडी काढत होता. छान. पण आधी पाच वर्षांत १६,००० आणि नंतर वर्षाला शंभर-दीडशे? म्हणजे गाडी उभी होती. मधली काही वर्षं चाचणीच नाही? मग बहुतेक रस्त्यावरून काढून ठेवली होती.

उभ्या गाडीचं मीटर थांबतं, वय थांबत नाही. रबर कडक होतं, सील सुकतात. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो. फक्त गल्लीतून फिरवून आणली तर इंजिन पुरतं तापत नाही आणि पाणी ऑइलमध्येच राहतं. टायर तर जरूर बघा. साइडवॉलवर चार आकडे असतात. ०९१२ म्हणजे २०१२ चा नववा आठवडा. नक्षी नव्यासारखी आणि टायर दहा वर्षांपेक्षा जुना, असं या गाड्यांत सर्रास सापडतं. मागची चाकं ओल्या रस्त्यावर सुटली की मग ती नक्षी कामाची नाही हो.

आता माझा आवडता भाग. या केमनच्या इंजिन कंट्रोलरमध्ये इंजिन किती तास चाललं ते साठवलेलं असतं. जाणकार मेकॅनिक डायग्नोस्टिक टूल लावून ते काढून देतो. मैल भागिले तास करा. १८,००० मैल आणि ६०० तास, म्हणजे सरासरी ताशी ३० मैल. पटण्यासारखं. तेच २,४०० तास निघाले तर ताशी साडेसात मैल! ही दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवरची सरासरी झाली, लीड्सची नाही. मग मीटरबद्दल प्रश्न विचारायलाच हवेत.

त्याच रिपोर्टमध्ये ओव्हररेव्हच्या सहा रेंज दिसतात. वरच्या रेंजमध्ये इंजिन फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबून जात नाही, लिमिटर अडवतो. वेगात चुकून खालचा गिअर पडला तरच जातं. ते शेवटचं कितव्या तासाला झालं हेही दिसतं. कालपरवाचं असेल तर मी गाडी सोडून देईन. त्यानंतर इंजिन शेकडो तास नीट चाललं असेल तर एवढा घाबरणार नाही.

पुण्या-मुंबईत जुनी स्पोर्ट्स कार बघत असाल, तर सर्व्हिसच्या बिलांवरची रीडिंग तारखेनुसार लावून हाच लॉग तुम्हीच बनवा.

तर दादा, तुम्ही पाठवलेल्या नंबरांवरून मी दोन्ही गाड्या तपासल्या. ७१,००० वाली दरवर्षी नियमित चाललीय. १८,००० वाली २०१३ ते २०१७ मध्ये मिळून ३१० मैल, आणि टायरला तडे असल्याचा शेरा दोनदा. साडेचार हजार जास्तीचे मी देणार नाही. तरी तीच हवी असेल, तर टायर, सगळी फ्लुइड्स आणि रबरी होजेसचं कोटेशन आधी मागवा, तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा, आणि तासांचा रिपोर्ट मिळेपर्यंत टोकन देऊ नका.